चार डिस्क, जागा तीनची

१८ सप्टेंबर, गुरुवार

आमच्या दातांच्या लॅबचा सर्व्हर भरला, असं अस्मिताचं म्हणणं. पेटी होती तेवढीच आहे, गुरगुरतेही तेवढीच. ती भरली हे फक्त अस्मिताला आणि तिने आणलेल्या माणसाला दिसतं.

माणसाचं नाव सर्वेश, राहणार बोरिवली. तिशीचा असेल. बसायच्या आधी चार्जर कुठे लावू विचारलं. मी त्याला गाळा फिरवून दाखवला नाही. विशालला दाखवला होता, सगळं हाताला धरून शिकवलं होतं. गेल्या वर्षी तो अंधेरीत स्वतःची लॅब काढून बसला, जाताना आमची डिझाइनं घेऊन गेला, आणि तीन डॉक्टर त्याच्यामागे गेले. तेव्हापासून कुणी कात्री मागितली तरी मी विचारते, कशाला.

पूर्वी बरं होतं. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे, आम्ही त्यात प्लास्टर ओतायचो, वर मेणात दात उभे करायचो. चूक झाली तर हातात दिसायची. आता तोंड स्कॅन होतं, पडद्यावर गोल फिरतं, अस्मिता तिथेच दात घडवते आणि यंत्र तो कापतं. दात चांगले होतात, नाही म्हणणार नाही. पण शेकडो माणसांची तोंडं त्या पेटीत आहेत, पेटी माझी आहे, आणि मला ती उघडता येत नाही.

सर्वेशचं म्हणणं असं: पेटीत चार डिस्क आहेत. त्यांच्या जागी चार मोठ्या घालायच्या. मग जागा चारची? नाही. तीनची.

"चौथीची कुठे गेली?" मी विचारलं.

"पॅरिटीत, मॅडम. चारांतली कुठलीही एक मेली, तरी उरलेल्या तिघी मिळून तिच्यात काय होतं ते सांगतात. त्यासाठी एकीएवढी जागा राखून ठेवावी लागते. ह्या पद्धतीला रेड म्हणतात."

"आमचा रेशनवाला पण असंच सांगायचा. पोत्यामागे एवढी घट धरावीच लागते म्हणून."

अस्मिता हसली. तो हसला नाही.

मग अस्मिताने हळूच काढलं, "ताई, बदलायच्या आधी सगळ्याची एक वेगळी प्रत बाहेर काढून ठेवू या ना. त्याला अजून एक डिस्क लागेल."

"चौघी एकमेकींना सांभाळतात म्हणालात ना आत्ताच? मग त्यांना सांभाळायला पाचवी कशाला?"

"मॅडम, हा बॅकअप नाही," सर्वेश म्हणाला. "डिस्क मेली तर रेड वाचवतं. बाकी कशापासून नाही."

बाकी काय व्हायचंय? गाळ्याला दोन कुलपं आहेत. चार मागवायला सांगितल्या.

२० सप्टेंबर, शनिवार

डॉक्टर जान्हवीकडे स्कॅनर नाही, म्हणून आमचा घेऊन अस्मिता मुलुंडला तिच्या दवाखान्यात गेली. मी बरोबर गेले. एकटीला पाठवत नाही आता.

पेशंट कुंडलिक म्हणून आहेत, आमच्या घाटकोपरचेच, पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त. वरच्या जबड्याला उजवीकडे कॅन्सर. सोमवारी ऑपरेशन. जबड्याचा उजवा भाग टाळूसकट काढणार. तोंड आणि नाक यांच्यात भोक राहील. पाणी प्यायलं तर नाकातून येईल, बोललं तर कुणाला कळणार नाही. तात्पुरती पट्टी रुग्णालय देईल. तीन आठवड्यांनी ते भोक बुजवणारी, दातांसकट, नीट पट्टी आम्ही करायची. त्यासाठी आजची टाळू जशीच्या तशी हवी. डॉक्टर म्हणाली, जीभ जुन्याच जागा शोधत असते.

अस्मिताने तोंड उघडा म्हटलं तर कुंडलिक म्हणाले, "बघून घ्या बाई. पूर्ण घर आजच दिसेल, सोमवारी निम्मं पाडणार."

त्यांची बायको शांताबाई हसल्या नाहीत. "ह्यांना दर रविवारी विहारात वंदना सांगायची असते. नंतर म्हणता येईल ना?"

"पट्टी चांगली झाली तर येईल," डॉक्टर म्हणाली.

शांताबाई माझ्याकडे वळल्या. "आणि हे माप हरवायचं नाही ना तुमच्याकडे?"

मला राग आला. सदतीस वर्षांत आमच्याकडून एकही माप हरवलेलं नाही, हे त्यांना सांगितलं.

परत आल्यावर अस्मिताने स्कॅन सर्व्हरवर चढवून स्कॅनरमधून पुसला. जागा नाही म्हणून सध्या सगळंच असं करावं लागतं, म्हणते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सर्वेशने पहिली डिस्क बदलली. खण ओढावा तशी एक जुनी बाहेर काढली आणि नवी सरकवली. बाकीच्या तीन चालूच. नव्या डिस्कचा दिवा नारिंगी, लुकलुकत होता.

"आता तिघी मिळून नवीला सगळं सांगतायत. उद्या संध्याकाळपर्यंत चालेल. ते संपल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. एका वेळी एकच बाहेर."

सोपं काम लांबवायचं असलं की माणसं असंच बोलतात.

कुंडलिकांचं ऑपरेशन काल नीट पार पडलं. डॉक्टरचा फोन.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दुसरी मोठी डिस्कही आत गेली. मी जागा विचारली. तसूभर वाढलेली नाही.

"चारही सारख्या झाल्या की मगच वाढते," सर्वेश म्हणाला.

"म्हणजे शेवटपर्यंत मी तुझ्या शब्दावर राहायचं?"

"हो, मॅडम."

एवढं मात्र सरळ बोलला.

दुपारी बँकेतून येताना दोघं कोपऱ्यावरच्या रसवंतीत दिसले. अस्मिता सांगत होती, "...ताईंना कळू न देता करावं लागेल, विचारलं तर नाहीच म्हणणार." मला पाहिल्यावर ग्लासात तोंड घातलं. मी रस न घेता पुढे आले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी निघताना सगळ्यांच्या पिशव्या पाहिल्या. सगळ्यांच्या म्हणजे धोंडूचीसुद्धा, उगाच कुणी म्हणायला नको. धोंडू माझ्याकडे पहिल्या दिवसापासून पॉलिशला आहे. त्याच्या पिशवीत सुका बांगडा निघाला. अस्मिताच्या डब्याच्या पिशवीत, डब्याखाली, हातरुमालात गुंडाळलेली छोटी डिस्क.

"हे काय?"

"चालू केसेस आहेत, ताई. डिस्क माझी स्वतःची आहे. तिकडचा बदल पूर्ण होईपर्यंत एक प्रत असू दे म्हणून."

"माझ्या पेटीतलं तुझ्या पिशवीत?"

"ताई, मी अंधेरीला नाही चाललेय."

अंधेरीचं नाव मी काढलंच नव्हतं.

तिला तिथेच बसवून सगळं पुसायला लावलं. मी मागे उभी राहिले. शेवटी म्हणाली, "कुंडलिककाकांचं तरी राहू दे ना. ते परत नाही मिळायचं." मी सगळं म्हटलं. सगळं पुसलं. डोळे भरले होते तिचे. पकडलं गेल्यावर भरतातच.

३० सप्टेंबर, मंगळवार

सर्वेश काल येणार होता, आला नाही. "दुसरीकडे काम होतं." कुठे? "अंधेरीला." मी मान डोलावली.

आज संध्याकाळी तिसरी घातली. जाताना पेटीवर कागद चिकटवला, "हात लावू नये." माझ्या गाळ्यात माझ्याच पेटीवर पाटी. वर तोंडाने सांगितलं ते वेगळंच: "उद्याचा पूर्ण दिवस लागेल हिला. प्लीज."

अस्मिताने उद्या रजा मागितली. आईकडे घट बसलेत म्हणे. दिली. ती उद्या कुठे असेल ते तिलाच ठाऊक.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बिलावर प्रत्येक डिस्कचा नंबर आहे. डिस्कवरही असणार. पण तो बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. बाहेर काढायची तर मनाई. नव्या म्हणून जुन्याच घासूनपुसून बसवल्या असतील, तर मला कसं कळायचं?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

लॅब काढल्यापासून खंडेनवमीला आमच्याकडे एकही यंत्र चाललेलं नाही. सकाळीच सगळी हत्यारं धुऊन लाल कापडावर मांडली. मेणाची पाती, कानशी, चिमटे, ड्रिलची मुंडकी. कॉम्प्रेसर बंद, भट्टी बंद, कापायचं यंत्र बंद.

धोंडू पेटीपाशी थांबला. "ताईनू, ह्या पेटीचा काय करूचा? ही चलतच हा."

"बंद कर."

"त्या पोरान हात लावू नको सांगल्यान हा."

"तो पोरगा मला खंडेनवमी शिकवणार का?"

बटण दाबलं तर दिवे लुकलुकतच राहिले. धोंडूने कॉम्प्रेसरची ओढतो तशी वायर ओढली. शांत झाली. मग मी चारही डिस्क खणांसारख्या ओढून बाहेर काढल्या. हत्यार म्यानात ठेवून कुणी पुजत नाही. आणि नंबरही पाहायचे होते.

चष्मा लावून तिन्ही नवे नंबर बिलाशी पडताळले. तिन्ही जुळले. एवढे तंतोतंत कसे जुळले, हाही प्रश्नच आहे.

चौघींना पाटावर ठेवून ओल्या बोटाने हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. परत देताना एक धोंडूच्या हातून निसटली आणि पाटाच्या कडेवर आपटली. काही झालं नाही, खरचटलीसुद्धा नाही. चारही दिसायला सारख्याच, जशा हाताला आल्या तशा बसवल्या. उद्या दसरा, तेव्हा आता परवाच सुरू करायचं.

बऱ्याच दिवसांनी गाळा शांत होता. नारळही गोड निघाला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पेटी सुरू केली तर नुसती बोंबलते आहे. दोन दिवे लाल. अस्मिता डबा घेऊन आली, आईकडच्या नैवेद्याच्या करंज्या, "ताई, तुमच्यासाठी." डबा हातात तसाच राहिला. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

सर्वेश तासाभरात हजर. बोरिवलीहून इतक्या लवकर? जणू वाटच पाहत होता. त्याने एक डिस्क ओढली आणि तशीच धरून उभा राहिला. मग अस्मिताला दाखवली. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे.

अस्मिता म्हणाली, "पूजा झाली वाटतं, ताई."

"दरवर्षी होते."

सर्वेशने रुमालाने डिस्कच्या टोकाच्या सोनेरी पट्टीवरचं कुंकू पुसलं, पुन्हा बसवली, पुन्हा लाल. "तिसरी अर्धवटच भरली होती. आणि चौथी आता उठतच नाहीये. एकदम दोन गेल्या." हे माझ्याशी नाही, भिंतीशी बोलावं तसं.

मी म्हटलं, "तूच म्हणाला होतास ना एक मेली तरी चालतं?"

"एक, मॅडम."

थोड्या वेळाने अस्मिता बाहेर जिन्यात फोनवर होती. ऐकलं: "मशीनच बिघडलं हो, डॉक्टर. कुणाचीच चूक नाही." कुणी विचारलं नसताना कुणाचीच चूक नाही हे सांगायची गरज का पडावी? दोघांचं ठरलेलं दिसतंय.

सर्वेश चारही डिस्क एका दुरुस्तीवाल्याकडे नेतो म्हणाला. बरोबर धोंडूला धाडलं. नजर हटवू नकोस म्हणून बजावलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

जुन्या केसेस बऱ्याच आल्या. गेल्या महिन्यातल्या फाइली नावापुरत्या. अस्मिताने कुंडलिकांची उघडली. पडद्यावर नुसते ठिपके, धूळ उडावी तसे. तोंड नाही.

ती उठून बाहेर गेली. मी सर्वेशला सरळ विचारलं, "खरं सांग. विशालने सांगितलं होतं ना तुला?"

"कोण विशाल?"

"अंधेरीचा."

तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा चिडला. "मॅडम, मी कुठल्या विशालला ओळखत नाही. तुम्ही मला एक सांगा. एका वेळी किती डिस्क बाहेर काढायच्या म्हणालो होतो?"

"एक."

"खंडेनवमीला किती होत्या?"

त्याने बॅग भरली, न वापरलेली नवी डिस्क बिलासकट टेबलावर ठेवली आणि गेला.

चार होत्या. एवढ्या हिशेबाला चौथी पाससुद्धा व्हावं लागत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अस्मिताला शुक्रवारीच कळलं होतं. कुंकू पाहिलं तेव्हाच. तरी डॉक्टरला मशीन सांगितलं.

का सांगितलं? माझं झाकून हिला काय मिळणार? कधीतरी मागेलच काहीतरी.

तिच्या डिस्कवर ते तोंड होतं. हातरुमालात गुंडाळलेलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा मुलुंडला. कुंडलिकांचं आताचं तोंड स्कॅन केलं. तात्पुरती पट्टी काढल्यावर आत जे दिसलं ते लिहीत नाही. ते काहीतरी म्हणाले. मला एक अक्षर कळलं नाही. शांताबाईंना कळलं. "बाहेर ऊन आहे का विचारतायत."

अस्मिताने डावी बाजू उलटी करून उजवीकडे लावली, आरशात धरल्यासारखी. पण कुणाच्याच दोन बाजू सारख्या नसतात, दातवाल्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. शांताबाईंनी फोटो आणले. सगळ्यांत तोंड मिटलेलं. विहारातल्या एकातच उघडं आहे, आणि तिथे समोर माइक.

लॅबमध्ये मॉडेल छापून घेतलं. वर मी मेण चढवायला बसले. असं काम हाताने करून दहा वर्षं तरी झाली असतील. अस्मिता शेजारी पडद्यावर फोटो मोठा करून.

"ताई, इथे जरा कमी."

"किती?"

"नखभर."

"तुझं नख की माझं?"

हसली. मग लगेच पडद्याकडे वळली. मला विचारायचं होतं, डॉक्टरला तसं का सांगितलंस. नाही विचारलं. सर्वेशला मात्र फोन केला, चौथी बसवायला ये आणि पाचवी घेऊन ये. "येतो," म्हणाला. मॅडम म्हणाला नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पट्टी डॉक्टरने बसवली. कुंडलिक पाणी प्यायले. नाकातून आलं नाही. शांताबाईंनी नाकाखाली बोट फिरवून स्वतः खात्री केली. केळं खाल्लं. डॉक्टरने टाळी वाजवली.

"आता बोला, काका."

त्यांनी वंदना सुरू केली. पहिल्या ओळीतच थांबले. शब्द कळत होते, पण स आणि श ला शिट्टी येत होती, आणि मागून आवाज डबक्यातून यावा तसा. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. मग पाण्याचा पेला उचलला आणि उगाच त्यात पाहत बसले.

"हा ह्यांचा आवाज नाही," शांताबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे: "ते आधी माप घेतलं होतं तुम्ही. त्याच्यावरनंच केलंय ना हे?"

अस्मिता पुढे झाली. "काकू, काय झालं, आमच्या मशीनमध्ये..."

"मशीन ठीक होतं," मी म्हटलं. "चालू असताना त्याची वायर ओढली. आतल्या डिस्क काढून पूजेला मांडल्या. मी. ते माप त्यात गेलं. हिने त्याआधी एक प्रत जपून ठेवली होती. ती चोरी म्हणून मीच पुसायला लावली."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिली. अस्मिता जमिनीकडे.

कुंडलिकांनी पेला खाली ठेवला. "पूजा? मशीनची?" शिट्टी वाजली तरी कळलं. "आम्ही नाही बुवा करत." आणि हसले. हसण्यातही शिट्टी.

शांताबाई हसल्या नाहीत. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे तरी खरं सांगताय का? की अजून काही आहे?"

"एवढंच आहे."

"मला कसं कळायचं?"

पट्टी पुन्हा करून देते म्हटलं, नीट होईपर्यंत.

"मग मी तिथे येऊन बसणार. माझ्यासमोर करायची. ह्यांचा आवाज मला माहितेय, तुम्हाला नाही."

डॉक्टर म्हणाली, "काकू, लॅबमध्ये असं कुणी बसत नाही हो."

"बसू दे," मी म्हटलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दोघं सकाळीच आले. शांताबाईंना माझ्या डाव्या हाताला बसवलं, तिथून माझे दोन्ही हात दिसतात. कुंडलिक समोर. डॉक्टर जान्हवी दवाखाना बंद ठेवून आली, पट्टी काढाय-घालायला.

शांताबाई प्रत्येक गोष्ट विचारतात. हे लाल का, ते गुलाबी का, आत्ता काढलंत ते कुठे टाकलं. काढलेलं मेण त्यांना दाखवून ठेवते. धोंडू मला म्हणाला, "ही बाय डोळो लवक देणा नाय." मी त्याला कामाला पाठवलं. त्या विचारतील ते सगळं सांगायचं, असं अस्मितालाही सांगून ठेवलंय. अस्मिता म्हणाली, "मी सांगतेच, ताई. तुम्हीच थांबवायचात." बोलली ते बरं झालं.

मेण चढवायचं, उतरवायचं, पट्टी आत, एक शब्द म्हणायचा. शब्द कुंडलिकांनी स्वतःच निवडला. बायकोचं नाव. त्यात श आहे.

"शांता."

शांताबाई डोळे मिटून ऐकतात. "नाही."

पुढच्या दातांमागून नखभर काढलं.

"शांता."

"शिट्टी गेली," अस्मिता म्हणाली.

"गेली. पण अजून मागून येतंय, दुसऱ्या खोलीतून हाक मारल्यासारखं."

मागची कड वाढवली. डॉक्टर म्हणाली, आता पुरे, फार छान आलंय, लोकांना काही फरक कळणार नाही. मलाही तसंच वाटलं. कान माझेही आहेत. कुंडलिकही दमले होते, मान डोलावत होते, चालेल म्हणून. मी शांताबाईंकडे पाहिलं.

त्या म्हणाल्या, "पुन्हा म्हणा."

"शांता."

त्यांनी डोळे उघडले आणि कुंडलिकांकडे पाहिलं.

"चिडल्यावर असं म्हणतात," त्या म्हणाल्या. "एरवी नाही म्हणत."

मी स्पिरिटचा दिवा पुन्हा लावला आणि पातं तापवायला धरलं.